तीन पिशव्यांतलं बेलाचान

प्रिय ताई,

मी ६१ वर्षांची, कोथरूडला राहते. मुलगा नोकरीसाठी सात वर्षं सिंगापूरला होता, लग्नही तिथेच जमवलं. सून मलेशियातल्या पेनांगची, न्योन्या घरातली. आठ महिन्यांपूर्वी दोघं पुण्याला आमच्याकडे राहायला आली. पोर गुणी आहे, मला 'आई' म्हणते. पहिले सहा महिने पिठलं-भाकरीपासून पुरणपोळीपर्यंत सगळं कौतुकानं खाल्लं. गेले दोन महिने मात्र जेवणावरून तिचं मनच उडालंय. ताटात चिवडत बसते आणि रात्री अकराला गॅलरीत बसून नूडल्स खाते. मी यूट्यूब बघून थाई करी केली, तर 'छान झालीय आई' म्हणाली आणि अर्धी वाटी ठेवून उठली. वाढदिवसाला पॅन-एशियन हॉटेलात नेलं, तिथेही तेच.

मध्यंतरी तिच्या आईकडून पार्सल आलं. त्यात बेलाचान नावाची एक तपकिरी वडी होती. तिनं ती गॅसवर भाजली आणि काय सांगू, अख्ख्या मजल्यावर वास. वरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, 'कुणाच्या घरात काही मेलंय का?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला एवढंच म्हटलं, हे इथे नको गं. (माझं माहेर हर्णैचं. सुकट आम्हीही खायचो, पण फ्लॅटमध्ये आल्यापासून मी बंदच केलं.) तिनं ती वडी तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवून दिली. तेव्हापासून स्वयंपाकघरात येते ती फक्त चहा करायला.

तुम्ही त्या भागात राहून आलात असं मागे एकदा लिहिलं होतं. तिला आवडतील असे चार-पाच पदार्थ कृतीसकट सांगाल का?

एक सासू, कोथरूड

सप्रेम नमस्कार.

चार-पाच कृती देणार नाही. एक देईन, आणि तीही इतकी साधी की तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी का पत्र लिहिलं! पण आधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्हाला वाचून दाखवते. ते तुम्ही कंसात टाकलंय. 'सुकट आम्हीही खायचो, पण फ्लॅटमध्ये आल्यापासून मी बंदच केलं.' बाई, तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या कंसात बसलंय.

बेलाचान म्हणजे काय ते तुमच्या सुनेनं सांगितलं का? किंवा तुम्ही विचारलंत का? तो जवळा आहे हो. मलेशियाच्या किनाऱ्याला जी नखाएवढी कोळंबी जाळ्यात येते ती आणि हर्णैच्या खळ्यात वाळत पडलेला जवळा ही एकाच कुळातली भावंडं. प्राणिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, असेटिस. आपण जवळा उन्हात सुकवून डब्यात भरतो. ते लोक त्याला मीठ लावतात, उन्हात ठेवतात, कुटतात, मुरू देतात, पुन्हा वाळवतात आणि मग साबणाच्या वडीसारखी वडी पाडतात. इंडोनेशियात यालाच तेरासी म्हणतात, थायलंडात कापी. आणि गोव्यात? कोळंबीचं ते आंबट-तिखट बालचांव खाल्लंय ना तुम्ही? पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. पुढे १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेईपर्यंत दोन्ही बंदरं एकाच धन्याची होती. बालचांव हा शब्द त्या वाटेनं बेलाचानवरून आला असं मानतात, आणि जुन्या पद्धतीच्या बालचांवात सुकी कोळंबी पडायचीच. म्हणजे तुमच्या सुनेनं जे भाजलं ते काही परग्रहावरून आलेलं नाही. निम्मं तुमच्या माहेरचं आहे.

माझं नाक मात्र सदाशिव पेठेतलं. १९८९ साली नवऱ्याला बायान लेपासच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पेनांगला गेलो, ते १९९६ पर्यंत राहिलो. पुलाऊ तिकुस नावाच्या भागात एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. पुलाऊ तिकुस म्हणजे उंदरांचं बेट. हा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितला, आणि त्याच दुपारी खालून असा वास आला की मी मोलकरणीचा झाडू घेऊन मेलेला उंदीर शोधत जिना उतरले. खाली घरमालकीणबाई, त्यांना सगळे आंटीच म्हणत, उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात कोळशाची छोटी शेगडी, हातात चिमटा आणि चिमट्यात बेलाचानचा बोटाएवढा तुकडा. तुकडा कडेनं पांढुरका होऊन भुरभुरीत होईपर्यंत त्या तो असा उलटसुलट करत होत्या, जसं आपण पापड विस्तवावर धरतो. मी झाडू पाठीमागे लपवला. त्यांनी पाहिला होताच.

चार दिवसांनी आंटी धापा टाकत वर आल्या आणि काही न बोलता सरळ माझ्या गॅसचा रेग्युलेटर बंद केला. मी आमटीला फोडणी घालत होते. त्यांना हिंगाचा वास गळक्या गॅससारखा वाटला होता! मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली, त्यांनी जोरात मान मागे घेतली आणि म्हणाल्या, 'हे तुम्ही खाता? मुद्दाम?' आमची मैत्री त्या दिवशी सुरू झाली असं मी धरते.

हे एवढं का सांगतेय? वास हा कुणाचाच सज्जन नसतो. कुणाचा वास सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि कुणाचा 'आज वरण का, वा!' म्हणून कौतुकाला जातो, ते मजल्यावर कोण जास्त आहे त्यावर ठरतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे, कारण फ्लॅटमध्ये आल्यावर तुम्हीही सुकटाचा डबा माळ्यावर टाकलात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का 'हे इथे नको गं'? का कुणी न सांगताच तुम्ही समजून घेतलंत? काहीही असो, ते तुम्ही तिच्याशी कधी बोलला नसणार. त्या घरात तिचं दुखणं नेमकं कळणारी बाई एकच आहे, आणि तिनंच वडी पिशवीत घालायला लावली.

रागावू नका. आता तुमच्या थाई करीबद्दल.

पेनांगच्या मुलीला थाई करी करून घालणं म्हणजे सोलापूरच्या माणसाला घरची आठवण येतेय म्हणून उंधियू वाढणं. नकाशावर जवळ आहे खरं. हॉटेलाचंही तसंच. आपण परदेशात असतो तेव्हा आपल्याला पनीर बटर मसाल्याची आठवण येते का? मला पेनांगला दोनच गोष्टींनी रडवलं होतं, गरम मऊ भातावरचं मेतकूट आणि माझ्या आईच्या हातची तव्यावर किंचित लागलेली, करपट वासाची भेंडी. यातलं एकही कुठल्या हॉटेलात मिळत नाही. मिळालं असतं तर त्याची आठवण कशाला आली असती?

तिथल्या लोकांचंही असंच असतं. पेनांगच्या खाण्याची कीर्ती मोठी आहे ती रस्त्यावरच्या गाड्यांची. बांगड्याच्या आंबट रश्शातला आसाम लाक्सा, 'चार क्वे त्यौ' नावाच्या परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, रवाळ बर्फावर नारळाचं दूध आणि माडाचा गूळ ओतलेलं चेन्डोल. ते सगळं बाहेर जाऊन खायचं. सुट्टीवर गेली की मुलगी पहिल्या दिवशी तेच खाईल यात शंका नाही. पण मन थकलेलं असताना, बाहेर पाऊस असताना किंवा अंगात ताप असताना तिला हवं असतं ते घरातलं, आणि ते बघायला गेलं तर अगदी गरीब दिसतं.

मला ते कळलं डेंग्यू झाला तेव्हा. नवरा कामावर, मी पाच दिवस पडून, पाणीसुद्धा कडू लागत होतं. आंटी दुपारी एक ट्रे घेऊन वर आल्या. मधे मोठा वाडगा, त्यात पेज. अगदी आपल्या कोकणातली पेज, वर पातळ पांढरं पाणी आणि तळाशी फुललेली पण मोडलेली नाहीत अशी शितं. पेनांगच्या होक्किएन या चिनी बोलीत तिला म्वे म्हणतात. मीठ नाही, तूप नाही, काही नाही. भोवती चार बशा होत्या, चहाच्या बशीहून लहान. एकीत तळलेले इकान बिलिस, म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातले बारीक सुके मासे, आणि त्यांच्यात मिसळलेले शेंगदाणे. दुसरीत खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे घालून केलेलं, कडा कुरकुरीत झालेलं ऑम्लेट. तिसरीत खारवलेलं बदकाचं अंडं, अर्धं कापलेलं, पिवळा भाग संत्र्यासारखा लाल. चौथीत चमचाभर सोया सॉस, वर पांढऱ्या मिऱ्याची पूड. मी तेव्हा अंडं खायची, मासा नाही. आंटींनी माशाची बशी मुकाट्यानं उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, आधी नुसतं पाणी पी.

मी प्यायले. मग अर्ध्या तासानं खिडकीतली बशी मीच ओढून घेतली. सदाशिव पेठेला हे अजून सांगितलेलं नाही.

तर ही कृती. पातेल्यात करायची, कुकरमध्ये नाही. एक वाटी तांदूळ, शक्यतो आंबेमोहोर, आणि नऊ ते दहा वाट्या पाणी. उकळी आली की आंच बारीक करून झाकण तिरकं ठेवायचं आणि मधूनमधून तळापासून एकदा ढवळायचं. अर्ध्या तासात शीत फुटतं. फुटलं की गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, घोटायचं नाही. इथेच आपला हात शिवशिवतो, आटवल समजून आपण डाव फिरवायला जातो. बाजूला सुकी मांदेली डोकं आणि पोट काढून, धुऊन, नीट कोरडी करून कुरकुरीत तळायची. त्याच तेलात शेंगदाणे, वर चिमूटभर साखर. खारवलेला मुळा तिच्या पार्सलात असेल तर बघा, नसेल तर कांद्याचं साधं ऑम्लेट. फोडणी कशालाही नाही. कोथिंबीर भुरभुरायची हौस आवरा. काही घरांत यात रताळ्याचे तुकडे टाकतात, आणि कँटनी वळणाच्या घरांत शीत पूर्ण विरेपर्यंत खिरीसारखं घोटतातही. तुमच्या सुनेच्या घरी कसं करायचे ते मला ठाऊक असणं शक्य नाही.

म्हणूनच पहिलं काम स्वयंपाकाचं नाही, विचारण्याचं आहे. 'तुला काय करून घालू?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला शहाणी सून 'काहीही चालेल आई' हेच उत्तर देते. विचारा, 'लहानपणी आजारी पडलीस की तुला काय द्यायचे?' किंवा 'शाळेतून आल्यावर काय खायचीस?' मग गप्प बसा. ती बोलायला लागली की मधेच 'अगं हे तर आमच्या अमक्यासारखंच' असं म्हणू नका, निदान पहिल्या दिवशी तरी. मी वर जवळ्याचं जे पुराण लावलं ते तुमच्यासाठी होतं. तिच्या तोंडावर ते लगेच फेकलंत तर तिला वाटेल, माझी आठवणसुद्धा यांनी आपल्या डब्यात भरली.

न विचारता घालण्याचा एक अनुभव सांगते. संकष्टीला मी साबुदाण्याची खिचडी केली, मोकळी, दाण्याचं कूट सढळ हातानं घालून. हौसेनं आंटींना नेऊन दिली. त्यांनी दोन घास खाल्ले, छान म्हणाल्या, हे कशाचं असतं असं विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, तुमच्या परसात वाढतं ना उबी कायू, त्याच्याच कंदाचं. आंटींनी चमचा खाली ठेवला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्यानं पेनांग घेतलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. तांदूळ मिळेनासा झाला आणि पुढची साडेतीन वर्षं लोकांनी परसात लावलेला हा कंद खाऊन काढली. सकाळी तो, रात्री तोच. त्यांची धाकटी बहीण त्या काळात गेली. १९४५ नंतर त्यांनी उबी कायू घरात येऊ दिलं नव्हतं, आणि मी तेच उपवासाचं म्हणून कौतुकानं समोर ठेवलं होतं. त्यांनी मला दोष दिला नाही. उरलेली खिचडी त्यांच्या नातवानं संपवली, त्याला फार आवडली.

तुमच्या सुनेचं काही असं नसेल. ती तरुण आहे, भरल्या घरातली आहे. पण तिच्या मनात कुठल्या पदार्थाला काय चिकटलंय ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. त्या रात्रीच्या नूडल्सचंही तेच. त्याचा राग धरू नका, त्यात तुमच्या स्वयंपाकाचा अपमान नाही. रात्री अकरा म्हणजे तिच्या घरी दीड वाजलेला असतो, आईला फोन करायची वेळ टळलेली असते. ती नूडल्स कुणाशी बोलत खात असेल असं मला वाटत नाही. तरी एक सांगून ठेवते, जेवणाबरोबर झोपही उडाली असेल, वजन उतरलं असेल, कामातही लक्ष लागत नसेल, तर हा प्रश्न बेलाचानच्या पलीकडचा आहे आणि तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं. आईच्या भूमिकेतून न्या, तपासणीच्या नाही.

दुसरं काम, तिच्या आईला फोन. तुम्ही विहिणी लग्नानंतर किती वेळा बोललात? इंग्रजी तोडकंमोडकं असेल तर उत्तमच, भाज्या हातात धरून बोलता येतं. आपली सकाळ दहाची म्हणजे त्यांची दुपार साडेबाराची, दोघी आपापल्या ओट्यापाशीच असाल. त्या गवती चहाचा गड्डा कॅमेऱ्यासमोर धरतील आणि तुम्ही म्हणाल, अय्या, आम्ही याची पात चहात टाकतो आणि हा खालचा पांढरा भाग फेकून देतो! तिकडे उलटं, पात फेकतात आणि तो बोटभर पांढरा भाग ठेचून वाटणात घालतात. भाजीवाल्याला मुळासकट आणायला सांगितलं की पुण्यातही मिळतो.

वाटणावरून आठवलं. न्योन्या स्वयंपाक म्हणजे सगळा वाटणाचाच खेळ. चिनी व्यापारी मलय किनाऱ्यावर स्थायिक झाले, तिथल्या बायकांशी लग्नं केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या दोन चुली एकमेकींत मिसळत गेल्या. त्या समाजातल्या बाईला न्योन्या म्हणतात, पुरुषाला बाबा. त्यांच्या वाटणाला रम्पाह म्हणतात, लहान कांदे, सुक्या मिरच्या, गवती चहा, हळद, गलांगल नावाचा आल्याच्या कुळातला कंद आणि थोडं भाजलेलं बेलाचान. दगडी खलात कुटायचं. पूर्वी म्हणे सासवा बाहेरच्या खोलीत बसून नुसत्या कुटण्याच्या आवाजावरून होणाऱ्या सुनेचा हात ओळखायच्या. मग ते वाटण तेलात परतायचं, कुठवर? 'पचाह मिन्याक' होईपर्यंत, शब्दशः तेल फुटेपर्यंत. आपण तेल सुटेपर्यंत म्हणतो. आणि मीठ-साखर किती घालायची असं विचारलं की आंटींचं एकच उत्तर असायचं, 'आगाक-आगाक'. अंदाजानं गं! मी वही-पेन घेऊन सात वर्षं त्यांच्या मागे फिरले, वहीत सगळीकडे आगाक-आगाकच लिहिलेलं आहे.

हे तुमच्या हाताला उपजत येणार आहे, हे मला म्हणायचंय. ती वाटण करेल तेव्हा शेजारी बसून कांदे सोला. तिच्या हातातून बत्ता घेऊ नका. पाहुणे बोलावून 'आमच्या सुनेचा मलेशियन बेत' असा कार्यक्रम तर मुळीच करू नका. नातेवाईक नाकाला रुमाल लावून हसतील आणि दोन महिन्यांत जमलेलं दोन मिनिटांत विस्कटेल.

गोडापासून सुरुवात करायची असेल तर ती वाट सगळ्यात सोपी. गोव्याहून कुणी येणार असेल तर माडाचा काळा गूळ मागवा. पेनांगचा गुला मेलाका म्हणजे नारळाच्या झाडाच्या रसाचाच गूळ. त्याचे हरभऱ्याएवढे खडे चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळीत भरायचे, गोळ्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर तरंगल्या की काढून ओल्या खोबऱ्यात घोळवायच्या. ओन्दे-ओन्दे. अख्खी तोंडात टाकायची, अर्धी चावली तर गुळाचा पाक समोरच्याच्या साडीवर उडतो, माझा उडालेला आहे. पिठाला हिरवा रंग आणि वास येतो तो पांदानच्या पानाचा. ते रोप आपल्याकडे बासमतीचं पान म्हणून नर्सरीत मिळतं, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. आंबेमोहोराला आणि बासमतीला ज्या द्रव्यामुळे वास येतो तेच द्रव्य या पानात आहे. कुंडीत लावून द्या तिला. गॅलरीत नूडल्स खाताना सोबतीला राहील. आणि कुए दादार म्हणून त्यांची हिरवी गुंडाळी असते तिच्या आतलं सारण चाखाल तेव्हा मोदक आठवेलच. तेव्हा मात्र खुशाल बोलून दाखवा.

एक नाजूक विषय. न्योन्या घरांत डुकराचं मांस बरंच शिजतं. तुमच्या घरात ते चालणार नसेल तर गुळमुळीत राहू नका, प्रेमानं स्पष्ट सांगा. तिला हे नवीन नाही. मलेशियात मुस्लिम शेजारी, हिंदू वर्गमैत्रिणी यांच्यात वाढलेली मुलगी कुणाला काय चालत नाही याचा हिशेब लहानपणापासून ठेवते. क्वान यिन देवीला मानणाऱ्या कित्येक चिनी घरांत गोमांस वर्ज्य असतं, चांद्रमासाच्या पहिल्या नि पंधराव्या दिवशी शाकाहार असतो, आणि पेनांगला नऊ सम्राट देवांच्या उत्सवात लोक नऊ दिवस शाकाहारी राहतात, तेही आपल्या नवरात्राच्याच सुमारास. सीमा सांगितल्यानं माणूस तुटत नाही. काल चालेल म्हटलं आणि आज चालणार नाही, असं झालं की तो गोंधळतो. बेलाचानचं तसं झालंय.

आणि तुमचे चिरंजीव कुठे आहेत? पत्रात ते फक्त पहिल्या दोन ओळींत दिसले. सात वर्षं त्यानं तिथे खाल्लंय, त्याला चव ठाऊक आहे, भाषा ठाऊक आहे, आणि मधे पडायचं सोडून तो बहुतेक 'बाहेरून मागवू ना' म्हणत असणार. त्याला सांगा, नारळ तू खवायचा आणि बांगडे तू आणायचे. लाक्सासाठी बांगडाच लागतो, तो बेत पुढे कधीतरी तीच ठरवेल.

राहता राहिला वास. वडी एकदम भाजू नये, बोटभर तुकडा पुरतो. तो अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून तव्यावर मंद आंचेवर पाच-सात मिनिटं, मधे एकदा उलटायचा. वास बराच कमी होतो. त्यातच महिन्याचा सांबाल, म्हणजे त्यांची तिखट चटणी, एकदम करून, मिरच्यांबरोबर कुटून, तेलात परतून बरणीत भरला की रोज भाजायची गरज नाही. दुपारी तीनची वेळ बरी, चिमणी चालू, गॅलरीचं दार सताड उघडं.

त्याच दिवशी स्टूल घेऊन माळ्यावरून तो डबा खाली काढा. इतक्या वर्षांनी आत काही उरलं नसेल तर हर्णैला फोन करून ताजा जवळा मागवा. एका तव्यावर तिचा तुकडा, दुसऱ्यावर तुमची सुकट, कांदा-कोकम घालून, जशी तुमची आई करायची तशी. पिशव्या तिला सोडू द्या. वरच्या बाईंचा मेसेज येईलच. त्याला उत्तर तुम्ही द्या, तिला देऊ देऊ नका.